धाग्याच्या पोटातली चांदी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला बोलायला बोलावले आणि विषय 'धागा' असला, की पुढचे ऐकणाऱ्याला पाठ असते. नात्यांचा धागा, आठवणींचा धागा, तुटलेला धागा, जोडलेला धागा. आम्ही कवींनी धाग्याला इतके राबवले आहे की तो बिचारा कापडात कमी आणि कवितेतच जास्त दिसतो. आज मात्र मी खऱ्या धाग्याबद्दल बोलणार आहे. जो कांडीवर गुंडाळतात, जो धोट्यातून पळतो आणि तुटला की माग थांबवून ज्याला गाठ मारावी लागते, तो धागा.

मी बीए झालो तेही मराठी घेऊन. विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण माझा जन्म इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या खडखडाटातला. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, त्यानंतर हा आवाज कधी थांबलाच नाही. अब्बा यंत्रमागावर जॉबर होते. अम्मी घरी कांड्या भरायची. आम्ही भावंडे शाळेतून आलो की तिच्या शेजारी बसून सूत उकलायचो. त्यामुळे धागा मला आधी बोटांना कळला, शब्दात नंतर आला.

या भाषणाचे निमित्त एका मोज्याच्या जोडाचे आहे. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याने अब्बांसाठी मोजे आणले. अब्बांची ऐंशी उलटली आहे. पाकिटावर लिहिले होते, 'चांदीयुक्त धागा, जंतू आणि दुर्गंधीपासून संरक्षण'. भाचा कौतुकाने म्हणाला, "नाना, यात चांदी आहे." अब्बांनी मोजा हातात घेतला, खिडकीपाशी नेला, ताणला, उलटा केला. मग कडेचा एक धागा ओढून काढला आणि मला म्हणाले, "काडेपेटी आण."

विणकराची परीक्षा ही अशी असते. कापूस जळला की जळक्या कागदासारखा वास येतो आणि हलकी राख उरते. रेशीम किंवा लोकर जळली की केस जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर आधी आक्रसतो, मग वितळतो आणि टोकाला एक टणक गोळी उरते. या धाग्याचीही गोळीच झाली. अब्बांनी ती गार होऊ दिली, चिमटीत फिरवून पाहिली आणि विचारले, "ही तर पॉलिस्टरची गोळी. चांदी कुठाय?"

भाच्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मला जे कळले, ते आज तुम्हाला सांगतो.

कापडात धातू घालण्याची कला आपल्याला नवी नाही. येवल्याची किंवा पैठणची पैठणी घ्या. तिचा जरीचा काठ आणि पदर म्हणजे धातूच की. अस्सल जरीत चांदीची तार खेचून खेचून केसासारखी बारीक करतात, ती चपटी करतात, रेशमाच्या धाग्यावर वेटोळी घालत गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. या कामासाठी सुरत पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. आतमध्ये रेशीम आणि बाहेर धातू, अशी ही रचना. धातू डोळ्यांसाठी असतो, म्हणून तो बाहेर. आणि बाहेर असल्यामुळे त्याची परीक्षाही करता येते. जुने व्यापारी जर कसोटीच्या दगडावर घासून बघत. तांबूस रेघ उमटली की समजायचे, आत तांबे आहे आणि वर नुसता मुलामा. पुढे प्लॅस्टिकची जर आली. पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवतात आणि तो पापुद्रा बारीक कापून त्याची जर करतात. ती चमकते भरपूर, आणि काडी लावली की वितळते. म्हणजे फसवणारा होता, तसा ती पकडणाराही होता. दगड आणि काडेपेटी, एवढ्यावर खरे-खोटे होत असे.

त्या मोज्यात मात्र दगडही चालेना आणि काडीही चालेना. कारण इथे धातू धाग्याच्या अंगावर नव्हता, पोटात होता.

आमच्या गावात वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी शिक्षण मिळते. तिथे शिकवणाऱ्या एका मित्राला मी गाठले. त्याने मला पॉलिस्टरचा जन्म समजावून सांगितला. मी तो माझ्या पद्धतीने सांगतो.

दिवाळीच्या आधी किंवा ईदच्या आधी आपल्या घरांतून सोऱ्या बाहेर निघतो. सोऱ्यात पीठ भरायचे, खाली जाळी, वरून दाब. जाळीच्या भोकांतून शेव बाहेर पडते. पॉलिस्टरचा धागा असाच जन्मतो. पॉलिस्टरचे साबुदाण्याएवढे दाणे असतात, त्यांना चिप्स म्हणतात. ते आधी अगदी कोरडे करावे लागतात, कारण ओल राहिली तर वितळताना पॉलिस्टरची साखळी तुटते आणि धागा कच्चा निघतो. मग २८० ते २९० अंश सेल्सियसच्या आसपास त्यांचा रस करतात आणि तो रस एका धातूच्या चकतीच्या भोकांतून दाबाने बाहेर काढतात. एकेक भोक साधारण पाव मिलिमीटरचे. बाहेर पडणारी धार गार हवेच्या झोतात थिजते आणि खालून ती जोरात ओढली जाते. किती जोरात? एका मिनिटाला तीन हजार मीटर हा नेहमीचा वेग आहे. या वेगाने पुण्याहून निघालेला धागा तासाभराच्या आत मुंबईला पोचेल. या ओढीमुळेच तो पाव मिलिमीटरच्या भोकातून निघूनही केसापेक्षा कितीतरी बारीक होतो.

आता या रसात धातू घालायचा आहे. शेवेच्या पिठात ओवा तसाच टाकला तर काय होते, हे घरोघरी माहीत आहे. ओव्याचा एक दाणा जाळीत अडकतो आणि शेव तुटते. म्हणून ओवा वाटून, गाळून घ्यावा लागतो. धातूचेही तेच. कण एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान हवा, नाहीतर गाळणी तुंबते, धागा तुटतो. चांदीचे कण याहूनही बारीक करतात, नॅनोमीटरच्या मापात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा.

पण बारीक कणांची एक खोड असते. ते एकमेकांना चिकटून गोळे करतात. गरम पाण्यात पीठ एकदम टाकले की गुठळ्या होतात तसे. यावर गृहिणींचा उपाय कारखान्यातही चालतो. पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवायचे आणि मग मोठ्या भांड्यात ओतायचे. कारखान्यात थोड्याशा पॉलिस्टरमध्ये धातूचे भरपूर कण घोटून घोटून कालवतात आणि त्याचे वेगळे दाणे करतात. त्याला मास्टरबॅच म्हणतात. नेहमीच्या दाण्यांमध्ये हे दाणे शेकड्याला दोन-चार या प्रमाणात मिसळले की सगळ्या रसात धातू सारखा पसरतो. कधी चांदी तशीच न घालता झिओलाइटसारख्या सच्छिद्र खनिजाच्या पोटात बसवून घालतात. चांदी वितळायला ९६२ अंश लागतात. त्यामुळे पॉलिस्टरचा रस झाला तरी चांदीचा कण त्यात कणच राहतो आणि धाग्यात जिथल्या तिथे थिजून बसतो.

अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. चांदी त्या गोळीतच होती, पण डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते.

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली तेव्हा मी चकितच झालो. धातूचा अंश असलेला धागा आपण सगळे कधीपासून वापरतो आहोत. शुद्ध पॉलिस्टर काचेसारखा चमकतो. ती चमक मारण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड घालतात. थोडी मंद चमक हवी तर शेकडा ०.३ च्या आसपास, अगदी मंद हवी तर शेकडा दोनच्या आसपास. हे मी अब्बांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "म्हणूनच. मंद धागा मागाच्या गाईडला खाच पाडायचा. चकाकणारा कमी पाडायचा." टायटॅनियमचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. पण धाग्यात काहीतरी टणक आहे, हे त्या खाचेवरून त्यांना कळले होते.

आता चांदी तिथे बसून करते काय? घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातल्या पदार्थांचे तुकडे करतात, तेव्हा वास सुटतो. चांदीच्या कणाला ओलावा आणि हवा मिळाली की त्यातून चांदीचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, सुटे होतात. ते जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात, त्याच्या भिंतीला इजा करतात. जिवाणू मरतो किंवा वाढायचा थांबतो. वास थांबतो तो असा.

इथे एक पेच आहे. चांदी धाग्याच्या गाभ्यात खोल असेल तर तिला ओलावा मिळत नाही. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. मग ती चांदी आत नुसती झोपून राहते, कुणाच्या उपयोगाची नाही. आणि चांदी वरवर लावली तर ती काम पटकन करते, पण धुण्यात निघून जाते. म्हणून कारागिरांनी मधला मार्ग काढला. दुहेरी धागा. आतला गाभा साध्या पॉलिस्टरचा आणि त्यावर पातळ साल, धातू फक्त त्या सालीत. दोन रस एकाच भोकातून, एक मध्ये आणि एक भोवती, असे एकदम ओततात.

हे ऐकताना मला मशरू आठवले. आमच्या धर्मात पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असे मानतात. पण रेशमाची हौस कुणाला नसते? मग औरंगाबादसारख्या ठिकाणच्या विणकरांनी असे कापड विणले की ज्याच्या वरच्या बाजूला रेशीम दिसावे आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला कापूस यावा. त्याचे नावच मशरू, म्हणजे शरियतला चालणारे. कुठली वस्तू बाहेर ठेवायची, कुठली आत, कुठली डोळ्यांना दाखवायची आणि कुठली अंगाला लागू द्यायची, हे ठरवणे ही विणकराची जुनी अक्कल आहे. मशरूच्या विणकराने ती मागावर वापरली. आजचा अभियंता ती एकेका तंतूच्या आत वापरतो आहे. मला या कामाबद्दल आदरच वाटतो.

मग माझी तक्रार काय? ती सांगण्यासाठी मला १९८६ सालात जावे लागेल.

माझे धाकटे चाचा सायझिंगमध्ये कामाला होते. सायझिंग म्हणजे बीमवर जाणाऱ्या सुताला खळ लावण्याचे काम. खळ उकळती असते आणि सूत वाळवायला वाफेने तापलेले मोठे रूळ असतात. एका रात्रपाळीला उकळती खळ चाचांच्या उजव्या हातावर आणि छातीवर सांडली. त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि रोज त्यांच्याजवळ बसायचो. रोज पट्टी उघडायची. चाचा ओठ दाबून छताकडे बघायचे. मग सिस्टर पांढरे, दाट मलम जखमेवर साय पसरावी तसे पसरायच्या. एकदा मी त्यांना विचारले, हे कसले मलम? त्या म्हणाल्या, "यात चांदी आहे बाळ. भाजलेल्या माणसाला आग मारत नाही, नंतरचे जंतू मारतात. ही चांदी त्यांना अडवते."

ते सिल्व्हर सल्फाडायझिन होते, हे मला फार पुढे कळले. अमेरिकेत डॉक्टर चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये ते भाजलेल्या जखमांसाठी पुढे आणले. त्याच्याही आधी, १८८० च्या सुमारास जर्मनीत लाइपझिगच्या डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचा थेंब घालायला सुरुवात केली होती. जन्मताना जंतुसंसर्ग होऊन आंधळी होणारी कितीतरी बाळे त्या थेंबाने वाचली. म्हणजे चांदी हा दागिना आहे तसे ते औषधही आहे. आमच्या चाचांचा हात वाचला. चामडी शेवटपर्यंत आक्रसलेली राहिली, पण त्या हाताने त्यांनी पुढे वीस वर्षे बीम भरले.

आता त्या मोज्यांकडे परत येऊ. मोजे धुतल्यावर चांदीचे काय होते? २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ या दोघांनी बाजारातले सहा प्रकारचे मोजे आणून पाण्यात घुसळले. सर्वांत जास्त चांदी असलेल्या मोज्यात एका ग्रॅम कापडाला सुमारे १.३६ मिलिग्रॅम चांदी होती. काही मोज्यांनी चार-दोन धुण्यांतच जवळजवळ सगळी चांदी पाण्यात सोडली. काहींनी एक टक्काही सोडली नाही. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संशोधन संस्थेने नऊ कापडे तपासली. तिथेही एका कापडातून एक टक्क्याहून कमी, तर दुसऱ्यातून पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत चांदी निघाली. फरक कशाने पडला? चांदी कापडात कशी बसवली आहे, याने. पाकिटावर शब्द एकच, 'चांदीयुक्त'. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पंचगंगेचे पाणी पिणाऱ्या माणसाला, मोरीतून गेलेले पाणी कुठे जाते हे सांगावे लागत नाही. कापडाचे गाव काय-काय नदीत सोडू शकते हे आम्ही पाहिले आहे. चांदीच्या बाबतीत एक दिलासा आहे, तोही सांगितला पाहिजे. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच झालेल्या अभ्यासात असे दिसले की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात पोचलेली बहुतेक चांदी गंधकाशी संयोग पावून गाळात बसते. पैंजण काळे पडतात ना, तोच तो काळा पदार्थ. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून कमी घातक. पण हा दिलासा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचते तिथला. जिथे नाला थेट नदीला मिळतो, तिथला नव्हे.

दुसरी काळजी मला अधिक वाटते. जंतू शिकतात. १९७५ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या विभागात साल्मोनेला जातीचे असे जंतू सापडले, ज्यांच्यावर सिल्व्हर नायट्रेट चालेना. जिथे चांदीचे औषध सतत वापरात होते, तिथेच ते सापडले. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांच्यातली ती जनुकेही ओळखली, जी चांदीला पेशीबाहेर हाकलतात. प्रतिजैविकांच्या बाबतीत आपण हा धडा महाग किंमत देऊन शिकतो आहोत. साध्या सर्दीला भारी गोळ्या घेतल्या आणि खऱ्या दुखण्याच्या वेळी त्या बोथट झाल्या. चांदीचे असे होऊ द्यायचे का? मोज्यात चांदी, बनियनमध्ये चांदी, उशीच्या अभ्र्यात चांदी. २०२० च्या साथीत तर चांदीचे आणि तांब्याचे मास्कही निघाले. पायाचा वास घालवायला साबण आणि ऊन पुरते. उकळत्या खळीने भाजलेल्या छातीला ते पुरत नाही.

अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये कापडात वापरायच्या एका नॅनो-चांदीला सशर्त परवानगी दिली. पर्यावरणासाठी काम करणारी एक संघटना न्यायालयात गेली. तीन वर्षांचे मूल कापड चोखेल, चघळेल तर किती चांदी पोटात जाईल, याचा हिशेब तिथे मांडला गेला. सरकारी संस्थेचा स्वतःचाच नियम होता की सुरक्षिततेचे गुणोत्तर १००० किंवा त्याहून कमी आले तर धोका मानायचा. एका हिशेबात ते नेमके १००० आले आणि संस्थेने धोका नाही म्हटले. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की तुमचाच नियम तुम्ही पाळलेला नाही, आणि परवानगीचा तेवढा भाग रद्द केला. तो हिशेब वरून चांदी लावलेल्या कापडाचा होता. एका 'किंवा'वर निकाल फिरला. शब्दांत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचे फार अप्रूप वाटले.

मी धातूच्या धाग्याचा शत्रू नाही, हे पुन्हा सांगतो. जिथे ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो अशा ठिकाणच्या कामगारांच्या कपड्यांत केसाहून बारीक असे पोलादाचे तंतू मिसळतात. अंगावर साठणारी स्थिर वीज ते वाहून नेतात. तो धातू धाग्यात राहूनच काम करतो, धुऊन जाण्यासाठी नसतो. तो एखाद्याचा जीव वाचवतो. भाजलेल्या जखमेवर बांधायच्या चांदीच्या पट्ट्या आज मिळतात. त्या असत्या तर चाचांना रोज ती पट्टी उघडण्याची यातना झाली नसती, कारण त्यांतल्या काही पट्ट्या कितीतरी दिवस जखमेवर तशाच ठेवता येतात. अशा कामासाठी चांदी जरूर खर्ची पडावी. आपल्या घरातही चांदीची वाटी रोजच्या आमटीला नसते. उष्टावणाला काढतात, मग पुसून ठेवतात.

मग दुकानात गेल्यावर आपण काय करायचे? कसोटीचा दगड तर राहिला नाही. मित्राला विचारून मी चार प्रश्न तयार केले आहेत. तेवढे विचारा. पहिला, यात कोणता धातू आहे आणि किती? दुसरा, तो धाग्याच्या आत आहे की वरून लावला आहे? तिसरा, हे तपासले ते नवे असताना की धुतल्यानंतर, आणि किती धुण्यांनंतर? कापडाची जंतुरोधक शक्ती मोजण्याची आयएसओ २०७४३ सारखी ठरलेली पद्धत आहे. मुंबईत घाटकोपरची बीटीआरए, वरळीची सासमिरा अशा वस्त्रसंशोधन संस्था कापड तपासतात. म्हणजे उत्तर देणे अशक्य नाही, द्यायची तयारी हवी. चौथा प्रश्न दुकानदाराला नव्हे, स्वतःला विचारायचा. मला याची गरज आहे का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पाकिटावर छापलेली असावीत, एवढीच माझी मागणी आहे. जरीचा व्यापारी तोंडाने काहीही सांगो, दगड खरे बोलायचा. धाग्यातली वस्तू आता इतकी बारीक झाली आहे की डोळा, बोट आणि काडेपेटी तिघेही हरले. अशा वेळी छापील शब्द हाच गिऱ्हाइकाचा दगड. तो शब्द पोकळ असेल तर आत चांदी असो वा नसो, ती फसवणूकच आहे.

हे सगळे मी अब्बांना सांगितले. ते घरात आमच्या बोलीत बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगतो. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "आमच्या वेळी धागा तुटला तर कळायचे, कच्चा निघाला तर कळायचे. आता चांगला निघाला तरी कळत नाही."

मोजे त्यांनी टाकले नाहीत. नातवाने आणलेले आहेत. एक धागा निघालेला तो मोजा त्यांनी स्वतः सुईने सांधला. थंडीत ते घालतात. मी धुऊन दोरीवर वाळत टाकतो तेव्हा खाटेवरून विचारतात, "राहिली का रे काही चांदी?"